माळ्यावर सापडलेलं ठासणीचं पिस्तूल: अक्षरं सगळ्यात शेवटी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घंटाळीजवळचं आजोबांचं घर पुनर्विकासाला जातंय. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. एकूण लांबी सुमारे 39 सेंटीमीटर, नळी 23 सेंटीमीटर, तोंडाचा आतला व्यास साडेसोळा मिलिमीटर. मुठीचं बूड आणि ट्रिगर गार्ड पितळी. घोडा ज्यावर बसवलेला असतो त्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि पुसट अक्षरं, त्यातलं शेवटचं ‘वर’ तेवढं लागतं. घोडा टोपीवर (मसाला भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोपणावर) आपटणाऱ्या पद्धतीचा, पण पट्टीच्या पुढच्या भागात काहीच न बसवलेली दोन भोकं. हे खरं की शोभेचं, कुठलं, किंमत किती, आणि वागळे इस्टेटमध्ये बफिंग करून घेतलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: बफिंग अजिबात नको. ब्रासो, सँडपेपर, रस्ट रिमूव्हर, लिंबू-चिंच यातलंही काही नको. दीडशे-दोनशे वर्षांत लोखंडावर बसलेला काळपट तपकिरी थर हाच त्या वस्तूच्या वयाचा पुरावा असतो. बफिंगच्या चाकावर तो पाच मिनिटांत जातो, सोबत शिक्क्यांच्या कडाही गोल होतात, आणि मग खऱ्या वस्तूलाही खरं म्हणणं अवघड होऊन बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते भरलेलं नाही हे कळेपर्यंत घोड्याला आणि चापाला हात लावू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. निपलवर, म्हणजे घोडा जिथे आपटतो त्या बोंडीवर, तांब्याची हिरवट पडलेली टोपी दिसली तर तिथेच थांबा, ती नखाने काढायला जाऊ नका. टोपीतला मसाला आघाताने पेटतो आणि जुना झाला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

टोपी नसेल तर पिस्तूल घडी घातलेल्या गोधडीवर आडवं ठेवा, तोंड भिंतीला टेकवलेल्या वाळूच्या पोत्याकडे. आठ-दहा मिलिमीटर जाडीची सरळ लाकडी काठी बाजूला उभं राहून हळूच नळीत सरकवा. तोंडासमोर चेहरा किंवा तळहात येता कामा नये. लोखंडी गज वापरू नका, त्याने ठिणगीची भीती आणि आत ओरखडेही पडतात. काठी टेकली की तोंडापाशी तिच्यावर पेन्सिलची खूण करा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून तेवढंच अंतर धरा. नळी रिकामी असेल तर काठीचं टोक कानाच्या, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या छिद्राच्या, जागेपर्यंत किंवा जरा मागे पोचतं. तुमच्या पिस्तुलात तो कान निपलच्या बुडाशी असणार. टोक दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त अलीकडेच अडलं तर आत बार आहे असंच धरून चाला. चिंधी, बूच किंवा कुंभारमाशीचं मातीचं घरही असू शकतं, पण बाहेरून यातला फरक कळत नाही. अशा वेळी आत ड्रिल घालणं, नळी तापवणं, उलटी करून ठोकणं, यातलं काहीही करायचं नाही. खोली बंद करून पोलिसांना कळवा. बॉम्बशोधक पथकाचं ते रोजचंच काम आहे.

नळी रिकामी निघाली तरी पोलिसांशी संबंध येतोच, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे म्हणजे परवाना लागत नाही’ ही समजूत चुकीची आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये जुनाट घडणीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. तुमच्या पिस्तुलाचा घोडा, चाप आणि नळी जागेवर आहे. ते वापरण्याजोगं नाही हा निर्णय घरात बसून घेता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत फोटोंसह लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ठाणे शहराचं आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं वेगळं. आजोबांचं घर घंटाळीला आणि तुम्ही राहायला नेरुळला असाल तर वस्तू जिथे सापडली तिथेच ठेवून कळवा. गाडीच्या डिकीत घालून खाडीपूल ओलांडू नका.

ट्रंकेत जुना परवाना सापडतो का ते नक्की बघा. 1878 च्या शस्त्र कायद्याखालचे इंग्रजी अमदानीतले परवाने बऱ्याच घरांत दस्तऐवजांच्या बासनात असतात. त्यावर हत्याराचं वर्णन असेल तर दोन कामं होतात: कायदेशीर मालकीचा धागा जुळतो आणि वस्तूचा इतिहासही ठरतो. परवान्याचा धारक वारला आणि वारसाकडे परवाना नसेल तर कलम 21 प्रमाणे हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जमा करताना वर्णन, मापं आणि शिक्के लिहिलेली पावती मागून घ्या. ‘एक जुने पिस्तूल’ एवढंच लिहिलेल्या पावतीवर पुढे वस्तू ओळखून परत घेणं कठीण जातं.

आता ओळख. नवखा माणूस आधी अक्षरांकडे बघतो, आणि नकली माल करणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. मुकुट आणि ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या सरकारी शस्त्रागाराची खूण) हा शिक्का जगात सर्वाधिक नकललेल्या शिक्क्यांपैकी आहे. म्हणून लोखंड आधी, लाकूड नंतर, सांधे त्यानंतर आणि अक्षरं सगळ्यात शेवटी असा क्रम ठेवा.

तुमची मापं ब्रिटिश लष्करी पिस्तुलाला चपखल बसतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची घोडदळाची पिस्तुलं नऊ इंची नळीची, म्हणजे 22.9 सेंटीमीटर, आणि 0.65 इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर व्यासाची असत. ईस्ट इंडिया कंपनीनेही त्याच घडणीची पिस्तुलं मोठ्या संख्येने इकडे आणली. पण शोभेच्या वस्तू बनवणाराही हीच मापं घेतो, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही.

खरा धागा त्या दोन रिकाम्या भोकांत आहे. गारेच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती समोरच्या पोलादी पात्यावर घासते, ठिणगी खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडते आणि कानातून आग आत जाते. ते पातं, त्याची स्प्रिंग आणि वाटी हे सगळं पट्टीच्या पुढच्या भागात स्क्रूंनी बसवलेलं असतं. अलेक्झांडर फोर्सिथने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, 1820 च्या दशकात तांब्याच्या टोप्या रुळल्या आणि ब्रिटिश फौजेत 1840 च्या आसपास टोपीची पद्धत आली. तेव्हा असंख्य गारेची हत्यारं बदलून टोपीची केली गेली: पातं, स्प्रिंग आणि वाटी काढली, कान मोठा करून त्यात निपलचा गट्टू आटे पाडून बसवला, घोडा बदलला. मागे राहिली ती भोकं. मुळातच टोपीसाठी घडवलेल्या पट्टीवर ती असायचं कारणच नाही.

त्या भागावर टॉर्च अगदी आडवा धरून बघा. पातं फिरायचं त्या स्क्रूचं एक भोक आणि स्प्रिंगच्या स्क्रूचं एक, शिवाय वाटी बसायची त्या जागी पट्टीच्या वरच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच, बहुधा लोखंडाचा तुकडा बसवून भरलेली. भोकं आणि खाच एकमेकांच्या हिशोबात असतील, आणि स्प्रिंग जिथे घासायची तिथे पट्टीवर पुसटशी चकाकी किंवा कमानीसारखी घासट असेल, तर हे खरंखुरं रूपांतर आहे. शोभेच्या पिस्तुलात भोकं पाडली तरी ही घासट कुणी घालत नाही, ती वर्षानुवर्षांच्या हालचालीनेच येते.

उलटा प्रकारही चालतो. टोपीचं केलेलं पिस्तूल गारेचं म्हणून जास्त मोल मिळवतं, म्हणून कुणीतरी ते पुन्हा गारेचं करतं. त्यात वाटी आणि पातं नवं कोरं, नळीचा बाकी भाग खड्डे पडलेला, आणि कानाभोवती गट्टू काढून बुजवलेल्या वर्तुळाची रेघ दिसते.

लोखंडाचा गंज दोन तऱ्हेचा असतो. काळी दारू जळून राहणारे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून वापरलेल्या हत्याराला खड्डे पडतात ते कानाभोवती, निपलच्या बुडाशी, घोड्याच्या नाकाला आणि नळीच्या मागच्या तृतीयांशात. तोंडाकडचा भाग त्या मानाने बरा असतो. आम्ल लावून ‘जुनं’ केलेल्या लोखंडावर गंज सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो, स्क्रूच्या खाचेतसुद्धा, आणि रंगाने केशरी असतो. मात्र खाडीकाठच्या हवेत खऱ्या जुन्या वस्तूलाही पावसाळ्यात वरून केशरी गंज चढतो, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. तो कुठे जास्त आहे आणि कुठे कमी, हे बघा.

नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडून बसवलेला वेगळा लोखंडी गट्टू असतो आणि त्याचीच शेपटी मुठीच्या वरच्या बाजूला स्क्रूने जखडलेली असते. नळी आणि गट्टू यांच्यातली केसासारखी रेघ दिसली पाहिजे. तिथे वेल्डिंगचा फुगवटा असेल, किंवा टॉर्च मारल्यावर नळीच्या आत लांबच्या लांब सरळ शिवण दिसली, तर तो हल्लीचा बाजारातला पाइप आहे. शोभेच्या पिस्तुलांत कान बहुतेकदा आरपार पाडलेलाच नसतो, नुसता खळगा असतो. स्क्रू हा सोपा साक्षीदार आहे: जुन्यांची खाच अरुंद, हाताने कापलेली, कधी मध्याला जरा तिरकी. चौफुली खाचेचा स्क्रू दिसला तर तो विसाव्या शतकातला. एखादा स्क्रू नंतर बदललेला असणं मात्र अगदी साहजिक आहे, तेवढ्यावरून पूर्ण वस्तू बाद करू नका.

पितळेला लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा. चिकटलं नाही तरी मझाकची शक्यता राहते, म्हणजे जस्ताचा ओतीव माल. वजनाला तो हलका वाटतो आणि झिजलेल्या कडेला पिवळ्याऐवजी करडा दिसतो. खऱ्या पितळी बुडाच्या कडा हाताळून मऊ झालेल्या असतात, पण ट्रिगर गार्डच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे कानशीचे जुने घाव अजून कोरे असतात.

लाकूड. ब्रिटिश कामात अक्रोड, शोभेच्या मालात बहुतेक शिसम किंवा काळा रंग दिलेलं कुठलंही. त्याहून महत्त्वाची ती बैठक. चांगल्या कारागिराने लाकूड असं कोरलेलं असतं की पट्टी त्यात ओतल्यासारखी बसते. लाकूड आडव्या अंगाने आटतं, त्यामुळे दोनशे वर्षांत बारीक फट पडते, पण ती रेषेसारखी सलग असते. इथे दोन मिलिमीटर, तिथे शून्य, आणि मध्ये लाख किंवा एम-सील भरलेलं असेल तर पट्टी त्या लाकडासाठी घडवलेलीच नाही. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात मारून बघा: लाखेचं जुनं पॉलिश नारिंगी चमकतं, नव्या गोंदाचे आणि पुट्टीचे डाग वेगळ्याच रंगाने उठून दिसतात.

इथपर्यंत जमलं की मग अक्षरं. नीट दिसत नसतील तर खडू घासू नका. मोबाइल तिपाईवर ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च चारही बाजूंनी आडवा फिरवत आठ-दहा फोटो काढा, प्रत्येक फोटोत अक्षराचा वेगळा भाग उजळतो. कडा तपासा. ठोकलेल्या अक्षराच्या तळाशीही बाजूच्यासारखाच काळपट थर असतो. तळ उजळ आणि आजूबाजूला काळं असेल तर अक्षर नंतर कोरलंय. ओतीव अक्षराचा तळ गोलसर आणि कडा बोथट असतात, म्हणजे पट्टीच साच्यातली.

मजकुराचं गणितही जुळायला हवं. मुकुटाखाली ‘जी आर’ ही अक्षरं 1714 ते 1830 या काळातल्या जॉर्ज राजांची, ‘व्ही आर’ 1837 नंतरची, म्हणजे व्हिक्टोरियाची. ब्रिटिश सरकारी हत्यारांच्या पट्टीवर कारागिराचं नाव आणि साल घालायची पद्धत 1764 मध्ये बंद झाली आणि त्या जागी नुसतं ‘टॉवर’ आलं. साल परत दिसतं ते टोपीच्या काळात. म्हणून गारेच्या पिस्तुलावर ‘टॉवर 1798’ असं ठसठशीत लिहिलेलं असेल तर खरेदी तिथेच थांबवा. कंपनीच्या हत्यारांची खूण वेगळी: आधी चार भाग केलेलं, पत्त्यांत असतं तसं बदाम, त्यात कंपनीची आद्याक्षरं आणि डोक्यावर चाराचा आकडा, आणि 1808 च्या सुमारास त्याऐवजी मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह. ‘टॉवर’ आणि ‘ई आय सी’ एकाच पट्टीवर शेजारी शेजारी असतील तर संशय दुप्पट करा.

पट्टी बदलता येते. नळीवरचे चाचणीचे, म्हणजे नळी दारूचा दाब सोसते हे तपासल्याचे, शिक्के जास्त भरवशाचे, आणि ते सहसा मागच्या टोकाला डाव्या बाजूला असतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे मुकुटाखाली गुंफलेले ‘जी पी’ आणि मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 च्या कायद्याने आलं, त्याची खूण फुलीसारखे राजदंड, मुकुट आणि अक्षरं. बेल्जियममधल्या लिएजची खूण लंबगोलात ‘ई एल जी’, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर शिक्का 1893 नंतरचा. शेजारी 16 किंवा 24 असा सुटा आकडा दिसला तर ते साल किंवा पलटण नव्हे, एका पौंड शिशात त्या मापाच्या किती गोळ्या होतात तो हिशोब आहे. 16 म्हणजे सुमारे 16.8 मिलिमीटर, 24 म्हणजे 14.7. कॅलिपरने मोजलेल्या व्यासाशी हा आकडा जुळवून बघा. तोंड झिजून थोडं रुंद झालेलं असतं, पण दोन मिलिमीटरचा फरक पडत नाही. नळीखाली ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ असं इंग्रजीत आणि चौकटीत दोन अक्षरं असतील तर ती इटलीतली आधुनिक प्रतिकृती. वस्तू दर्जेदार, पण पुराणवस्तू नव्हे, आणि परवान्याच्या दृष्टीने सरळसरळ बंदूक.

शिक्का नाही म्हणजे नकली, असं मात्र नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला युरोपीय धर्तीच्या बंदुका घडवल्या जात, आणि देशी लोहारांनी दुरुस्त केलेल्या, एका हत्याराची पट्टी दुसऱ्याच्या नळीला लावलेल्या वस्तू आपल्याकडे भरपूर आहेत. ती त्या काळातलीच खरी दुरुस्ती असेल तर वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. नोंदीत ती दुरुस्ती म्हणूनच लिहायची, लपवायची नाही.

लॉक, म्हणजे पट्टीमागची घोड्याची यंत्रणा, उघडून आत बघितलं तर खूप कळतं, पण ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. दुरुस्तीसाठीही कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. त्याला एवढं सांगा: घोडा अर्ध्यावर ठेवून दोन्ही आडवे स्क्रू दोन-तीन आटे सैल करायचे, पेचकसाच्या लाकडी मुठीने त्यांच्या डोक्यांवर हलके टोले द्यायचे, म्हणजे पट्टी आपोआप सरळ वर येते. कडेत पेचकस घालून उचकटली की लाकडाची कपची उडते, आणि ती जखम कायमची. कोणता स्क्रू कुठला हे कागदावर लिहून ठेवायचं, कारण त्या काळी आट्यांना सर्वमान्य माप नव्हतं आणि एकाच्या जागी दुसरा बसवला तर आटे खातो. पट्टीच्या आतल्या अंगाला कारागिराची आद्याक्षरं किंवा जुळणीच्या छिन्नीखुणा असतात. तशीच खूण इतर सुट्या भागांवरही आढळली तर ते सगळे भाग एकाच पिस्तुलाचे.

किमतीबद्दल. फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोल ठरतं ते मूळपणावर, शिक्क्यांच्या स्पष्टतेवर, न बदललेल्या भागांवर आणि कागदांवर. जोडी असेल तर एकट्याच्या दुपटीहून जास्त, मूळ पेटीसह असेल तर आणखी. रूपांतरित पिस्तूल मूळ गारेच्यापेक्षा कमी, पण बफ केलेलं मूळ त्याहूनही खाली जाऊ शकतं. नळी कापून आखूड केलेली नाही ना तेही पाहायला लागतं: दारू ठासायचा गज अडकवायची पुढची नळकांडी तोंडाच्या विचित्रपणे जवळ आली असेल तर कापलेली समजा. विकायचं झालं तर मोबाइल ॲपवर जाहिरात टाकू नका. चालू स्थितीतलं हत्यार विनापरवाना माणसाला देता येत नाही, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 लागू होतो, त्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तुलनेसाठी खऱ्या वस्तू डोळ्यांखालून घालायच्या असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयातलं शस्त्रदालन बघा. गंजाचा रंग आणि लाकडाची बैठक फोटोत कळत नाही, काचेपलीकडून कळते.

तोवर सांभाळायचं कसं? धोतरातून काढा. जुन्या कापडात ओल आणि मीठ धरून राहतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामड्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दव धरतं. खोबरेल तेल तर नकोच, ते चिकट होऊन धूळ धरतं. सुती हातमोजे घालून मऊ ब्रशने धूळ झाडा. लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, लाकडाला काहीही नाही. हवाबंद डब्यात धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडावर ठेवा, सोबत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला पाहिजे. ठाण्याच्या जुलैत सिलिका जेल आठवड्याला बदलावी लागेल. ट्रंकेत शिशाच्या गोळ्या असतील आणि त्यांवर पांढरी भुकटी दिसली तर उघड्या हाताने घेऊ नका, ती विषारी असते. दारूची शिंगडी किंवा टोप्यांची डबी निघाली तर उघडून बघू नका, पिस्तुलाबरोबर पोलिसांच्या नजरेस आणा.

पुढच्या मतासाठी सहा फोटो लागतील: दोन्ही बाजू पूर्ण, पट्टीचा पुढचा भाग भोकांसह, नळीच्या मागच्या टोकाची डावी बाजू, निपल आणि त्याभोवतीचं लोखंड, आणि मुठीवरची शेपटी तिच्या स्क्रूसह. प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी, फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा. वजन ग्रॅममध्ये कळवा. डाव्या बाजूचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आहे: तिथे चाचणीचे दोन शिक्के झिजलेले पण जागेवर दिसले, आणि पट्टीतली भोकं भरलेल्या खाचेशी जुळली, तर ते मुळात ब्रिटिश घडणीचं गारेचं आणि पुढे टोपीचं केलेलं पिस्तूल असण्याकडे माझा कल आहे.